तुम्ही विचारलंत म्हणून: कर्लला किती किलोचं डंबेल घेऊ?

जिमला नवीन आलेली पोरं-पोरी, आणि हल्ली पन्नाशीतले काका-काकूसुद्धा, मला सगळ्यात आधी हेच विचारतात, दादा कर्लला किती किलोचं डंबेल घेऊ? कर्ल म्हणजे डंबेल हातात धरून कोपरातून हात वाकवत वर उचलणं. माझं उत्तर ठरलेलं आहे, जेवढं सावकाश खाली आणता येतं तेवढं. वर किती जातं ते मी बघतच नाही. कंबरेचा एक झोका दिला की बरंच काही वर जातं, पण खाली आणताना झोका कामाला येत नाही, तिथे दंडालाच वजन धरून ठेवावं लागतं.

म्हणून मी सुरुवातीला भिंतीला टेकून उभं करतो. डोकं, पाठ, कुल्ले भिंतीला, टाचा थोड्या पुढे, दंडाची मागची बाजू भिंतीला चिकटलेली. आता मागे झुकायला जागाच नाही, आणि कोपर पुढे सरकलं की लगेच कळतं. कोपर पुढे गेलं की खांद्याचा पुढचा स्नायू मदतीला येतो आणि ज्याच्यासाठी आपण घाम गाळतोय तो बायसेप, म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू, सुटतो.

हात फिरवण्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथे चुकतात. बायसेप कोपर तर वाकवतोच, पण त्याचं खालचं टोक हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाला जोडलेलं असतं, त्यामुळे तळहात वरच्या बाजूला फिरवणं हेही त्याचंच काम, उजव्या हाताने स्क्रू आवळताना करतो ना तीच हालचाल. म्हणून सुरुवातीला तळहात मांड्यांकडे ठेवा आणि उचलता उचलता फिरवत न्या. मनगट सरळच हवं, आत वळलं की आधी कोपराच्या पुढचा हात भरून येतो आणि सेट, म्हणजे सलग उचलण्याची एक फेरी, तिथेच संपतो.

मध्यावर, म्हणजे कोपरापासून पुढचा हात जमिनीला समांतर आला की सगळ्यात जड लागतं, आडवं अंतर धरलं तर वजन कोपरापासून तिथेच सगळ्यात लांब असतं, आणि झोका मारायचा मोहही नेमका तिथेच होतो. तिथे श्वास रोखू नका, सोडत वर जा. वर क्षणभर थांबा, मग मनात तीन आकडे मोजत खाली, हात पूर्ण सरळ होईपर्यंत. अर्ध्यातून परत उचलणाऱ्यांना मी रेप, म्हणजे एकदा पूर्ण वर-खाली, मोजू देत नाही.

तळहात न फिरवता केलं की तो हॅमर कर्ल, त्यात बायसेपच्या खालचा ब्रेकियालिस हा स्नायू आणि पुढचा हात जास्त काम करतात, तोही करा. आणि फक्त बेटकुळी काढायच्या नादात दंडाच्या मागचा स्नायू, ट्रायसेप, विसरू नका, दंडाचा मोठा भाग तोच आहे.

दंडात जळजळलं तर चालेल, पण खांद्यात पुढून किंवा कोपरात टोचल्यासारखं झालं तर त्या दिवशी कर्ल बंद.

नवीन माणसाने साधारण अडीच ते पाच किलोपासून सुरू करावं, आठ ते बारा रेपचे तीन सेट, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. तिन्ही सेटमध्ये बारा रेप स्वच्छ निघाले की मगच पुढचं डंबेल. आता ५ वरून ७.५ म्हणजे सरळ दीडपट होतं, त्यामुळे तिथे सुरुवातीला सहा-आठच रेप निघतील, निघू देत, पण पाठ भिंतीलाच ठेवा.