परीक्षण सूचनाफलकावर

आमचे मराठीचे सर पेपरात नाटकांची परीक्षणं लिहितात, हे आम्हाला बराच काळ माहीत नव्हतं. सोमवारी पहिल्या तासाला त्यांचे डोळे तारवटलेले असत, एवढंच दिसायचं. रविवारी रात्री दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग, शेवटच्या गाडीने ठाणं, मग जागून लिखाण. १९७८ साली ठाण्यातच तलावपाळीला गडकरी रंगायतन हे नाट्यगृह झालं आणि निदान गाडीची धावपळ कमी झाली. मानधन किती मिळे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा सांगण्यासारखं नसावं.

पुस्तकात नाट्यउतारा आला की सर बाकं सरकवायला लावत. कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, हे आधी; भावार्थ नंतर. त्यात पोर्शन मागे पडे आणि पालक कुरकुरत. ते खोटं नव्हतं. सहामाही जवळ आली की उरलेले धडे सर अक्षरशः पळवत.

एकदा कुणीतरी निबंधात लिहिलं, की देवलांच्या 'शारदा' नाटकामुळे बालविवाह रोखणारा शारदा कायदा झाला. सरांनी लाल शाईने शेरा मारला: नाटक १८९९चं, कायदा १९२९चा, नाव तो मांडणाऱ्या हरबिलास सारडांचं. "नाटकानं लोकांचं मन तयार केलं असेल रे, पण मग 'असेल' असं लिही," म्हणाले, आणि त्या मुलाला मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन गेले. सुट्टीच्या दिवशी ते तिथेच सापडत.

आमच्या वर्गाने स्नेहसंमेलनात एकांकिका केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर सरांच्या अक्षरातले दोन फुलस्केप कागद! लहान मुलं म्हणून सूट नाही. नायक प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे बघून संवाद म्हणतो. आजोबांची दाढी एका बाजूने सुटली आणि पुढचं सगळं नाटक त्या दाढीचं झालं. दार आत उघडणारं, पण पात्रं ते बाहेर ढकलतात. पडदा ओढणाऱ्या मुलीला मात्र स्वतंत्र परिच्छेद: शेवटच्या वाक्यानंतर ती क्षणभर थांबली, आणि टाळी पडली ती त्या थांबण्यामुळे. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या त्या मुलीने तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला. नायकाच्या आई मुख्याध्यापकांना भेटल्या; कागद आठवडाभर तिथेच राहिले.

निवृत्तीनंतर सर एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून जात. बक्षीस न मिळालेल्या संघांशीच जास्त बोलत. सभागृहाचा माणूस किल्ल्या वाजवत आला की उरलेली चर्चा जिन्यात.

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आम्ही काही माजी विद्यार्थी त्यांची परीक्षणं टाइप करून एकत्र करतो आहोत. सरांची अट एकच: ज्या नाटकांना त्यांनी झोडपलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं, ती परीक्षणं गाळायची नाहीत. सुरुवातीच्या वर्षांची कात्रणं कमी आहेत. कुणाच्या घरी असतील तर कृपया शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत. झेरॉक्स काढून परत करू.