चेंडूची अष्टमी

सहावीच्या वर्गात चंद्रकला शिकवून झाल्या होत्या. फळ्यावरची आकृती मुलांनी वहीत उतरवली, चाचणीत पैकीच्या पैकी गुणही मिळवले. दोन दिवसांनी सहज विचारलं, "चंद्र अर्धाच का दिसतो?" जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पृथ्वीची सावली पडते म्हणून!"

मी चरकलेच. मुलं आकृती शिकली होती. चंद्र बघायला मी त्यांना एकदाही बाहेर नेलं नव्हतं. आणि आकृतीत तर चंद्र पृथ्वीला खेटूनच असतो. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये सुमारे ३० पृथ्व्या मावतील!

वद्य अष्टमीला सकाळी आठ वाजता सगळ्यांना मैदानात नेलं. पूर्वेला सूर्य, आणि पश्चिमेकडे झुकलेला फिकट, अर्धा चंद्र. "दिवसा चंद्र?" कितीतरी जणांनी तो पहिल्यांदाच पाहिला. मी पांढरा चेंडू पुढे केला. "हात लांब करून चंद्राशेजारी धरा. सूर्याकडे मात्र बघायचं नाही."

वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने चेंडू धरला, एक डोळा मिटला. बराच वेळ तसाच उभा राहिला आणि एकदम ओरडला, "बाई, चेंडूचीपण अष्टमी झाली!"

खरंच. चेंडूची सूर्याकडची बाजू लख्ख, दुसरी अंधारी, आणि मधली रेघ चंद्रावरच्या रेघेइतकीच कललेली. मग प्रत्येकाला चेंडू हवा झाला. त्या गलक्यात एक मुलगी म्हणाली, "पण बाई, सूर्य इकडे आहे. पृथ्वीची सावली त्याच्या बरोबर उलट दिशेला जाणार. चंद्र तर तिथे नाहीच!"

"मग तिथे तो कधी असतो?" मी विचारलं.

"पौर्णिमेला... पण मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?"

चंद्राची कक्षा साधारण ५ अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो, हे तेव्हा सांगितलं. प्रश्न त्यांचा होता, म्हणून उत्तर लगेच पोचलं.

त्यानंतर रोज सकाळी आठला नोंदी सुरू झाल्या. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे सुमारे १० अंश. चंद्र रोज मुठीहून थोडा जास्त सूर्याकडे सरकत होता, बारीक होत होता. अमावस्येला बहुतेकांनी रकाना कोरा सोडला. त्या मुलीने मात्र लिहिलं होतं: "दिसला नाही. सूर्याच्या बाजूलाच आहे. उजळलेली बाजू आज तिकडे आहे."