लाखेचा शेवटचा हात

आज दुपारी घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारला लाखेच्या पॉलिशचा शेवटचा हात दिला आणि रात्री तिच्यावर पहिल्यांदा तारा चढवल्या. घाट टेलिकास्टर या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारचा असला, तरी लाकूड शिवणीचे आहे, कारण ते वजनाला हलके असते आणि नीट वाळले की फारसे वाकत नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख दमट हवेत पांढुरकी पडते. गेल्या महिन्यात तसेच झाले, म्हणून सगळे खरवडून, 120 पासून 320 नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने पुन्हा घासले आणि कोरड्या हवेची वाट पाहिली. ती वाट पाहणे योग्यच होते.

तारेची लांबी 648 मिलिमीटर, म्हणजे बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, 324 वर हवा. तेथे तार दाबून येणारा स्वर आणि तेथेच नुसता स्पर्श करून छेडलेला स्वर एकच यावा लागतो. परंतु दाबल्याने तार ताणली जाते, म्हणून प्रत्येक तारेचे सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो सरकता तुकडा, थोडे मागे सरकवावे लागते. पाच तारा जुळल्या, तेव्हा मी खूप वेळ एकच स्वर ऐकत बसलो. सर्वांत जाड तार अजून किंचित चढी बोलते. तिचे सॅडल उद्या सकाळी मागे घेईन.