मंग तू चालस काब्रं?

आमच्या घरात वारी नाही. तरी यंदा ज्येष्ठात मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून निघालो. ही पालखी 500 किलोमीटरांहून जास्त चालून पंढरपूर गाठते. मी मात्र खान्देशची हद्द संपेपर्यंतच, अमळनेरच्या आमच्या शेजारच्या नानांच्या दिंडीत. “ख्रिस्ती माणूस वारीत?” बहिणीनं विचारलंच. तिच्यापुढे मी ना. वा. टिळकांना उभं केलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. ती गप्प बसली.

खरं कारण टिळक नव्हते, बांध होता. वडील गेल्यावर थोरल्या भावाच्या शेतात नांगराची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, मी गुपचूप सरकलो होतो. सहा वर्षं झाली.

केळीच्या बागांमधून जाताना नानांनी विचारलं, “काय रे, तुमनामा पाप कसं फिटस?”

संडे स्कूलमध्ये वाढलेलो, उत्तर तोंडपाठ. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये पापाला हामार्तिया म्हणतात, म्हणजे नेम चुकणं. गोफण फिरवली आणि दगड भलतीकडे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो की चुकला तो सगळ्यांचाच. (म्हणजे पास्टरचाही, हे मी आपलं जोडलं.) फेडायला आपल्या गाठीला काही नाही. ख्रिस्तानं वधस्तंभावर फेडलं, आपण विश्वासानं ते घ्यायचं. कर्मानं मिळालं असतं तर माणूस फुशारत फिरला असता, असं इफिसकरांच्या पत्रात आहे.

नाना चार पावलं चालले. “मंग तू चालस काब्रं?”

चालतोस कशाला, याचं काय सांगणार? दोन तासांपोटी किती मैल, असा हिशेब माझ्या पायांनी कधीच मांडला होता.

मुक्कामाला वरण-बट्टी होती, पण माझं लक्ष टाचेवरच्या फोडाकडे. दिंडीतली एक म्हातारी मावशी सुईदोरा घेऊन आली. फोडातून दोरा आरपार ओवला आणि पाणी निथळावं म्हणून तसाच ठेवला. वर हळद. मग तेल घेऊन तळवा चोळायला लागली, तसा मी पाय आखडला. एवढ्या वयाच्या बाईनं माझे पाय धरायचे?

“पाय दे इकडे.”

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुवायला लागतो, तेव्हा पेत्रही असाच अडून बसतो. येशू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. कितीदा वाचलं असेल. पेत्राला किती लाजल्यासारखं झालं असेल ते तेलाचा हात लागल्यावर कळलं. मी खिशातून पन्नासची नोट काढली. तिनं बघितलीसुद्धा नाही. “दोरा सकाये फेकजो,” म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे सरकली.

रात्री भावाला फोन लावला. “दादा, बांध मी सरकवलाय. दोन तासं. आल्यावर दोरी लावून मोजू.”

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“माले माहीत शे,” तो म्हणाला. “तठे पानी पडनं का?”