अँटिमनीचे नऊ दिवस

२०१४ च्या पावसाळ्याची अखेर. दक्षिण सुदानमध्ये युद्ध पेटलेलं, आणि कालाआजाराची, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या जीवघेण्या तापाची, औषधं जोंगलेई प्रांतातल्या आमच्या दवाखान्यात पोचवायचं काम माझ्याकडे. राजधानी जुबापर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते एका शिक्क्यावर.

मालाच्या यादीत सोडियम स्टिबोग्लुकोनेट या कालाआजारावरच्या औषधापुढे मी हौसेने 'अँटिमनीयुक्त' असं लिहिलं होतं. खिडकीपलीकडच्या साहेबांचं बोट नेमकं तिथे थांबलं. "बंदुकीच्या गोळीत घालतात तेच ना हे?" चुकीचं नव्हतंच, शिसं कडक करायला अँटिमनी मिसळतात. पण आमची इंजेक्शनं होती हो! "चौकशी करावी लागेल. उद्या या."

ते उद्या नऊ दिवस चाललं. कधी साहेब बैठकीत, कधी शिक्का कपाटात आणि चावी भलत्याकडेच. यादीत औषधाचं नाव खोक्यावर असेल तेवढंच लिहा, आपलं ज्ञान पाजळू नका.

तिकडे रोज संध्याकाळी रेडिओवर नर्सचा एकच प्रश्न: विमान कधी? लढाईतून पळालेली माणसं बाभळींखाली उघड्यावर झोपायची, रात्री वाळूमाशी चावायची. पंधरा दिवस न उतरणारा ताप, सुजलेली प्लीहा, बोटातून थेंबभर रक्त काढून पट्टी तपासली की निदान पक्कं. मग १७ दिवस रोज दोन इंजेक्शनं. मध्येच साठा संपला तर रुग्णाला काय सांगणार? अत्यवस्थ रुग्णांसाठीचं अँफोटेरिसिन २५ अंशांखाली ठेवायचं, म्हणून मी दिवसातून दोनदा बर्फाच्या पिशव्या बदलत बसलेलो. (जादा पिशव्या आधीच गोठवून ठेवा.)

दहाव्या दिवशी खिडकीत दुसराच कारकून. मी न बोलता कुपी पुढे सरकवली. त्याने ती उजेडात धरली आणि आपल्याच मांडीवर थोपटलं. "हे फार दुखतं." आधीच्या युद्धात, लहानपणी, त्याने अशी ३० घेतली होती, रोज एक. १९८४ ते १९९४ मध्ये एकट्या वेस्टर्न अप्पर नाईल भागात या आजाराने सुमारे १,००,००० माणसं गेली; हा वाचलेल्यांतला. शिक्का मिनिटात उमटला.

हो, दोन्ही लढणाऱ्या बाजूंची विमानाला संमती आहे ना, ते निघायच्या सकाळी पुन्हा विचारा. आणि धावपट्टी ओली आहे का तेही. त्या काळ्या चिखलात विमान उतरत नाही.

आमचं उतरलं. नर्सने नमस्कारही न करता आधी खोकी मोजली.