गच्चीवर भाजी लावायची परवानगी मिळवली – माझा अनुभव

दसरा झाला की मला कुठे फिरायला जावंसंच वाटत नाही. दुपारी ऑक्टोबर हीट असते पण सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं आणि संध्याकाळी पुण्यात जरा गार वारं सुटतं. यंदा ठरवलं होतं, दिवाळीच्या आगेमागे घरातच रमायचं, नानकटाई जमवायची, आईने अर्धा भरून ठेवलेला टेबलक्लॉथ पुरा करायचा आणि गच्चीवर भाजी लावायची. पहिल्या दोन माझ्या हातातल्या गोष्टी. तिसरी अडकली ती सोसायटीच्या परवानगीत, तब्बल सात आठवडे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय.

गच्ची सगळ्यांची सामायिक, त्यामुळे विचारूनच करायचं हे मला मान्यच होतं. ४ ऑक्टोबरला साधा अर्ज दिला, १५ ग्रो बॅग (माती भरून रोपं लावायच्या पिशव्या), मेथी पालक मुळा, बस. उत्तर काय तर आपली वार्षिक सभा २८ सप्टेंबरला झाली, आता पुढच्या वर्षी विषय घेऊ. अहो, मेथी पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबते का! मग म्हणाले स्लॅबवर वजन येईल, इंजिनिअरचं पत्र आणा. ते बरोबरच होतं, कारण १२ बाय १२ इंचाची बॅग नुसत्या ओल्या मातीने भरली तर ३५ किलोच्या आसपास जाते. इंजिनिअरने येऊन बघितलं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) आणि कंपोस्ट जास्त वापरा, बॅगा बीमच्या वर कडेने ठेवा, खाली विटा द्या म्हणजे पाणी साचणार नाही, असं लिहून दिलं. पत्र घेऊन गेले तर म्हणे मूळ अर्जच सापडत नाही. चेअरमन गावाला, दिवाळीनंतर बघू.

इथेच सांगते, कुठलाही अर्ज द्याल तर दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. मी घेतली नव्हती, त्यामुळे दहा दिवस फुकट गेले.

तोपर्यंत गच्चीसाठी घाईने आणलेली शेवंतीची रोपं उत्तरेकडच्या ग्रिलमध्ये उन्हासाठी माना लांबवून पिवळी पडत होती. रोज सकाळी ती बघून जीव तुटायचा.

त्या दिवसांत सुई हातात धरली नसती तर मी कुणाशी तरी भांडले असते. आईने पाकळ्या साखळी टाक्याने केल्यात आणि मधे गाठीचा टाका, दोरा दोन पदरी. मी आधी तीन पदर घेतले तर माझं फूल तिच्या फुलाशेजारी जाडजूड दिसायला लागलं, सगळं उसवलं. दोऱ्याची शेड जुळवायला कापड सोबत घेऊन जा आणि दुकानाबाहेर येऊन उजेडात बघा, तुळशीबागेत ट्यूबलाइटखाली जो गुलाबी जुळला तो घरी येऊन राणी कलर निघाला.

तर परवानगी. माझ्या भाचीने सांगितलं की सहकारी संस्था कायद्याच्या ७६ कलमाप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. आम्ही ३६ फ्लॅट, म्हणजे ८ सह्या. फराळाची ताटं द्यायला घरोघर जातेच, तेव्हाच विचारलं, ११ सह्या झाल्या! सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, गळती झाली तर खर्च तू करायचा हे लिहून दे. दिलं, आणि तुम्हीही आपणहून द्या, कारण लोकांना खरी भीती त्याचीच असते. २६ ऑक्टोबरला मागणीपत्र दिलं, या वेळी पोच घेऊन. २३ नोव्हेंबरला सभा झाली आणि विषय वीस मिनिटांत मंजूर. वीस मिनिटांचं काम होतं हो.

नानकटाईचं राहिलंच, ताटात तीच होती ना. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप पातळ होतं आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरते, माझी पहिली खेप भाकरीसारखी सपाट झाली. गोळे करून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवले, मग ओटीजीत १६० डिग्रीला साधारण १८ मिनिटं, वर छान भेगा पडल्या. बाहेर काढल्यावर मऊच लागते, कच्ची समजून परत आत घालू नका, गार झाली की खुसखुशीत होते.

शेवंतीची दोनच रोपं जगली. पण मेथी २४ नोव्हेंबरला टाकली, चौथ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर सगळ्या बॅगांमध्ये माती किंचित उचललेली आणि खाली वाकलेले पांढरे कोंब, काहींच्या टोकाला बियाचं टरफल अजून चिकटलेलं. काकूंना हात धरून वर नेलं दाखवायला.