गळा दिसला पाहिजे: सरावाच्या म्युझिक व्हिडिओचा अनुभव

आमच्या माध्यम अभ्यासक्रमात मुख्य म्युझिक व्हिडिओला हात घालण्याआधी सरावासाठी एक छोटा व्हिडिओ करायचा असतो. एक मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, एवढाच. सोबत लेखी मूल्यमापन द्यायचं. आमच्या गटात छायाचित्रण आणि संकलन माझ्याकडे होतं. कॅमेरा कसा वापरायचा याची माहिती मला हवी तेवढी मिळाली. गाणं आणि चित्र एकमेकांना धरून कसे चालतात, हे मात्र करता करताच उलगडत गेलं. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

गाणं गटातल्याच मैत्रिणीनं बांधलेलं होतं, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता. लय मिनिटाला १०० मात्रांची. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमनं करायचं ठरलं, तेव्हा एका मात्रेला बरोबर १५ फ्रेम आल्या आणि चार मात्रांच्या आवर्तनाला ६०. टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीनं मांडायच्या पट्टीवर, खुणा करताना याचा फार उपयोग झाला. लय १२० असती तर मात्रेला साडेबारा फ्रेम आल्या असत्या, आणि अर्ध्या फ्रेमवर कट देता येत नाही. तेही सांभाळता येतं, पण शिकताना पूर्ण आकडा हाताशी असलेला बरा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. शटर १/५० वर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश मिळतो. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि १/५० मध्ये त्यांचे दोन पूर्ण फेरे बसत असल्यानं चित्र लुकलुकत नाही. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक केलेले. फोननं चित्रण करणाऱ्यांनी एक जरूर बघावं: बरेच फोन फ्रेमचा वेग आपसूक कमीजास्त करतात. तसं झालं की सुरुवातीला जुळलेले ओठ कडव्याच्या शेवटी निसटलेले दिसतात. वेग कायम ठेवणारं ॲप वापरलं की हा त्रास टळतो.

आता खरं काम, म्हणजे प्लेबॅक: आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं लावायचं आणि गायिकेनं त्यावर ओठ जुळवायचे. स्पीकर गायिकेच्या जवळच ठेवायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्पीकर चौदा-एक मीटर लांब असेल तर तिला गाणं जवळपास एक फ्रेम उशिरा ऐकू येणार. लांबून घ्यायच्या शॉटमध्ये हा फरक जाणवण्याइतका असतो. गाण्याच्या आधी आम्ही चार मात्रांचे ठोके जोडले, म्हणजे तिला समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उचलता यायचं आणि मला संकलनात आवाजाच्या आलेखावर तेच ठोके सापडायचे.

सुरुवातीच्या टेकमध्ये ती नुसते ओठ हलवत होती. आलेखावर सगळं जुळत होतं, शब्द जागच्या जागी पडत होते, तरी क्लोजअप खोटा वाटत होता. कारण कळेना. सरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, “तिला गायला सांगा. मोठ्यानं, पूर्ण आवाजात.” ती म्हणाली, “सर, माझा आवाज तर वापरायचाच नाहीये ना?” सर म्हणाले, “आवाज नकोय. गळा हवाय.”

पुढच्या टेकमध्ये फरक लगेच दिसला. तार सप्तकातल्या स्वराला मानेची शीर ताठ होते, हनुवटी किंचित वर जाते, ओळ संपताना खांदे उतरतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट श्वासाची. मूळ ध्वनिमुद्रणात प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास ऐकू येतो. नुसते ओठ हलवताना ती तिथं श्वास घेतच नव्हती. कानाला श्वास ऐकू यायचा आणि छाती मात्र स्थिर. बघणाऱ्याला नेमकं काय बिनसलंय ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. मग मी गाण्याच्या कागदावर प्रत्येक श्वासाची जागा लाल पेननं दाखवली आणि तो कागद समोर धरून आम्ही सगळे क्लोजअप पुन्हा घेतले. या व्हिडिओतलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

शेवटचा मुखडा संथ गतीत हवा होता. त्यासाठी सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१००, आणि गाणं दुप्पट वेगानं लावलेलं. २५ च्या टाइमलाइनवर ते टाकलं की केस आणि दुपट्टा संथ, ओठ मात्र मूळ लयीत. दुप्पट लयीत गायचं म्हणजे जोडाक्षरं तोंडात अडकतात, त्यामुळे तिला आधी नुसते बोल म्हणून सराव करावा लागला.

संकलनात पहिला आराखडा मी प्रत्येक समेवर कट देऊन केला. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनातच पुढचा कट कधी येणार ते आधीच कळायला लागलं. मग काही कट समेच्या दोन फ्रेम आधी आणले. नवं चित्र डोळ्यांत स्थिरावतं तोवर ठोका पडतो. आलापाच्या जागी एकच शॉट कट न करता ठेवला. तिथं चेहऱ्यावर इतकं काही घडत होतं की कात्री लावणं अन्याय झाला असता.

मूल्यमापन अनेकांना शेवटी उरकायचं प्रकरण वाटतं. मला त्यात सगळ्यात जास्त मिळालं. चित्रीकरणाआधी आम्ही एक वाक्य लिहून ठेवलं होतं: तिनं जायचं ठरवलंय, पण पाय निघत नाही. मोजायचं ते या वाक्याशी. व्हिडिओ सुंदर झाला का, हा प्रश्नच बाजूला ठेवला. आधी आवाज बंद करून पाहिला, मग फोनच्या छोट्या पडद्यावर. नंतर ज्यांनी गाणं कधी ऐकलं नव्हतं अशांना दाखवला. “कसा वाटला?” असं विचारलं की सगळे “छान” म्हणतात. त्याऐवजी विचारलं: ही बाई काय करायच्या बेतात आहे? कुठलं चित्र लक्षात राहिलं? लक्ष कुठं उडालं?

आलाप सगळ्यांना आठवत होता. लक्ष उडालं ते अंतऱ्यात. तिथं ‘वाट’ शब्दावर आम्ही वाट दाखवली होती, ‘दार’ शब्दावर दार. गाण्यानं सांगितलेलंच चित्र पुन्हा सांगत होतं. चित्र शब्दाला दुजोरा देऊ शकतं, त्यात भर घालू शकतं किंवा त्याच्या उलट जाऊ शकतं. आमच्या वाक्याला उलट जाणारं चित्र हवं होतं. म्हणून ‘वाट’ शब्दावर ती बुटाची नाडी सोडतेय असा शॉट घेऊन बसवला. दुसऱ्या गटातल्या एकाला तो दाखवला तेव्हा न विचारताच तो म्हणाला, “ही काही जात नाही.”

मुख्य व्हिडिओसाठी गाणं ठरलंय. लय ७५ मात्रांची, म्हणजे मात्रेला २० फ्रेम. या वेळी गायक दोन आहेत, आणि दोघांच्या श्वासांच्या जागा मी आत्ताच कागदावर उतरवायला घेतल्या आहेत.